लाल टोपणाची ट्यूब

"हात खाली!"

ही आरोळी मी दिवसातून पंधरा-वीस वेळा ऐकलेली आहे. धुळ्याला, देवपुरात, एका मेडिकलच्या काउंटरमागे. डी. फार्मसीचं ट्रेनिंग होतं माझं. हात चुकून गालाकडे गेला रे गेला की दुकानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून भाऊ ओरडायचे. समोर गिऱ्हाईक आहे, कोणाला ताप आहे, कोणी सुई-सलाईन न्यायला आलंय, त्यांना काही घेणं नाही. एकदा एक म्हातारबाबा वरच्या फळीवरच्या बामकडे बोट दाखवत होते. त्यांनी घाबरून आपलाच हात खाली घेतला आणि बाम न घेताच पायऱ्या उतरले. मी पळत जाऊन त्यांना परत आणलं. भाऊ म्हणाले, "त्यांना नव्हतो म्हणालो." एवढंच. माफी वगैरे भानगड नाही.

भाऊ म्हणजे त्या दुकानाचे मालक. अख्खी गल्ली त्यांना भाऊच म्हणायची, मीही. साठीचे असतील. काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि पायाला भिंगरी. काउंटरमागे खुर्ची होती, पण तिच्यावर कायम सलाईनचं खोकं. बसायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी, ना स्वतःला ना मला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर चालायचे. सुरुवातीला मला वाटायचं, या माणसाला काहीतरी विसरल्यासारखं होतंय. नुसतं बघूनच माझा जीव कासावीस व्हायचा.

आणि माझं तोंड! काय सांगू. कपाळ, गाल, हनुवटी, जिथे जागा मिळेल तिथे मुरूम. बारीक, मोठे, पिकलेले, दुखणारे. मी आमच्या शिंदखेड्याकडच्या गावातून आले तेव्हा चार-दोन होते. हॉस्टेलवर आल्यावर त्यांनी ठाण मांडलं. काउंटरवर एक बाई मला तोंडावर म्हणाल्या, "पोरी, आधी तुझ्या तोंडाचं औषध काढ, मग माझ्या गुडघ्याचं दे." सगळे हसले. मी आत जाऊन औषधांच्या खोक्यांना शिव्या दिल्या.

पहिल्या दिवशी भाऊंनी मला नाव विचारलं नाही. विचारलं ते असं, "उशीचा अभ्रा कधी धुतला?"

मी मनात महिने मोजायला लागले.

"स्कार्फ?"

आमच्याकडे उन्हाळ्यात पोरी दरोडेखोरासारखा स्कार्फ बांधतात, नुसते डोळे तेवढे बाहेर. उन्हासाठी बांधतो असं सगळ्या म्हणतात. माझ्यासारख्या दहातल्या चार जणी तोंड लपवायला बांधतात, हे त्या दहा जणींना माहीत असतं. मी तोच एक स्कार्फ आठवडाभर बांधायची, घामाने तो कडक व्हायचा. भाऊंनी दुकानामागे एक दोरी बांधली आणि हुकूम सोडला. दोन स्कार्फ आणायचे, एक अंगावर, एक दोरीवर. रोज. गिऱ्हाइकांनाही सोडायचे नाहीत. माणूस आलाय कंबरेच्या गोळीसाठी, हे विचारताहेत, पोरगी किती वाजता झोपते, मोबाइल कुठे ठेवते, मुरूम फोडते का. लोक म्हणायचे, भाऊंचा एक स्क्रू ढिला आहे. मीही म्हणायची, खोटं कशाला बोलू.

रस्त्याने चालणाऱ्या पोरा-पोरींच्या तोंडाकडे बघून ते ओळखायचे, कोणी काय फासलंय. "ही टूथपेस्ट. तो बघ, लसूण. ही लिंबू चोळून उन्हात गेलीय." मग स्वतःशीच तणतणायचे, "अरे, तोंड आहे ते. भरताचं वांगं नाही भाजायला!"

खाण्याचंही त्यांचं शास्त्र होतं. माझी शेवभाजी त्यांनी बंद केली. खानदेशातल्या पोरीची शेवभाजी बंद! तर्री दिसली की मुरूम आलाच, असं त्यांचं ठाम मत. डब्यात काय आणलं ते झाकण उघडून बघायचे. तेल दिसलं की डबा बंद करून माझ्यापुढे काकडी ठेवायचे. आणि उन्हाळा म्हणून, शरीराला थंड म्हणून, दिवसातून चार वेळा ग्लुकोजचं पाणी. स्वतः ढवळून द्यायचे, ग्लासात चमचा उभा राहील इतकं गोड. नाही म्हणायची सोय नव्हती.

एका गोष्टीवरून मात्र ते पेटायचे. लाल टोपणाची एक ट्यूब होती. ज्याला त्याला ती हवी असायची. मुरुमाला, डागाला, गोरं व्हायला, नायट्याला, सगळ्याला तीच. गिऱ्हाईक रिकामी ट्यूब दाखवून म्हणायचं, "हीच द्या." भाऊ ती हातातून घ्यायचे, कचऱ्याच्या डब्यात टाकायचे आणि म्हणायचे, "संपली."

"मग दुसरी द्या ना."

"ट्यूब नाही, विषय संपला. चिठ्ठी आणा डॉक्टरची."

गिऱ्हाईक चिडून समोरच्या दुकानात जायचं आणि दोन मिनिटांत तीच ट्यूब घेऊन आमच्या समोरून मुद्दाम हळूहळू जायचं. भाऊ बघत राहायचे. मग त्यांचं ते चालणं आणखी वाढायचं.

आता माझं पाप सांगते. तीच ट्यूब मी लावत होते.

जळगावला माझी मोठी ताई असते. लग्न होऊन तिथे गेलेली. मी दोन दिवस तिच्याकडे गेले तेव्हा तिने माझं तोंड पाहिलं, दार लावून घेतलं आणि कपाटातल्या साड्यांच्या खालून एक खोकं काढलं. "हे लाव. कोणाला सांगू नको. माझं बघ." ताईचं तोंड म्हणजे सगळ्या नातेवाइकांत बोलबाला. एक डाग नाही. मी फार्मसीची विद्यार्थिनी, त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे हे मला खोक्यावर वाचता येत होतं. परीक्षेत त्याच्यावर टीपही लिहिली होती मी. पण पुस्तकातलं पुस्तकात राहिलं. आरशापुढे उभं राहिल्यावर अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

पंधरा दिवसांत तोंड लखलखीत! भाऊ खूश. त्यांना वाटलं, काकडीने केलं. गिऱ्हाइकांना मला दाखवायला लागले. "बघा, शेवभाजी बंद केली, ग्लुकोज चालू केलं, अभ्रे धुतले. कसं झालं तोंड? ट्यूब लागते का?" मी मान खाली घालून उभी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं. पण तोंड छान दिसत होतं ना, मग तेही विसरायला व्हायचं.

दोन महिन्यांनी ट्यूब संपली. समोरच्या दुकानात भाऊंच्या डोळ्यांदेखत घेता येईना, आणि माझी परीक्षा चालू असल्यामुळे ताईकडे जाऊन नवी आणायला जमलं नाही. तिसऱ्या दिवशी गाल जळायला लागले. चौथ्या दिवशी लाल. पाचव्या दिवशी आधी होते त्याच्या दुप्पट मुरूम, आणि वर अशी खाज की झोप नाही. मी स्कार्फ बांधूनच दुकानात उभी राहिले. भाऊंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"काढ."

काढला.

"काय लावत होतीस?"

"कोरफड."

"कोरफड सोडल्यावर असं होत नाही. काय लावस तू तोंडले?" चिडले की ते अहिराणीवर यायचे. "खरं बोल. एवढं माझ्या दुकानात उभं राहून, माझ्या नाकासमोर... लाज नाही वाटली? मी लोकांना दाखवतोय तुझं तोंड!"

गिऱ्हाइकं उभी. गाल जळतायत. माझं डोकं फिरलं. मी पर्समधून ते खोकं काढलं आणि काउंटरवर आपटलं. ट्यूबचं नाव चुकू नये म्हणून ताईने पहिलं खोकं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, नव्या ट्यूबा त्यातच ठेवायची. खोक्याच्या बाजूला पेनाने लिहिलेलं होतं, 'रोज रात्री, पातळ थर.' ते अक्षर मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. रोज बघत होते ना. तो आकडी मारलेला 'र' दुसऱ्या कोणाचा असणार? ओळखूनही मी गप्प बसले होते, आणि गुपचूप लावत होते.

"हे कोणाचं अक्षर आहे, भाऊ?" मी विचारलं.

भाऊंनी खोकं उचललं. चष्मा कपाळावर सारला, परत खाली घेतला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा एका जागी उभं राहिलेलं पाहिलं.

"कोणाला दिली होती?"

"माझ्या ताईला. बारावीला इथेच देवपुरात होती. तुम्ही दिली आणि सांगितलं, आठ दिवसांत फरक पडेल."

"पडला असेल."

"पडला."

"आता कुठे असते?"

"जळगावला, सासरी. सहा वर्षं झाली, अजून लावते. एक दिवस नाही लावली की माझ्यासारखं होतं."

मला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी गिऱ्हाइकांना त्यांची औषधं दिली, हात धुतले आणि भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढलं. दिवाळीलाही दुकान बंद न ठेवणारा माणूस. म्हणाले, "उद्या सकाळची जळगाव गाडी. ताईला फोन कर. तिथे एक बाई आहेत स्किनच्या, कडक आहेत. तिघं जाऊ."

एसटीतही ते बसले नाहीत. पारोळ्यापर्यंत उभे, एरंडोलपर्यंत उभे, गाडी अर्धी रिकामी. कंडक्टर वैतागला. तिथेच दांड्याला धरून त्यांनी मला सांगितलं, की ते पूर्वी ती ट्यूब मागेल त्याला द्यायचे, न मागेल त्यालाही सुचवायचे. मग एकदा कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, भाऊ, अख्ख्या देवपुरात ही ट्यूब सगळ्यात जास्त तुमच्याकडून जाते. कौतुकाने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. "त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात सगळ्यांची तोंडं दिसायला लागली," भाऊ म्हणाले. "लाल, पातळ, गालावर लव आलेली. मी म्हटलं, यातली माझी किती?" ट्यूब त्यांनी दुसऱ्या दिवशीच बंद केली. पण आधी दिलेल्या कुठे कुठे गेल्या, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. मला तेव्हा त्यांचं दिवसभराचं चालणं कळलं. राग मात्र गेला नाही. माझे गाल जळतच होते.

दवाखान्यात ताई स्कार्फ बांधून आधीच येऊन बसली होती. डॉक्टरबाईंनी आमच्या दोघींची तोंडं भिंगाखाली पाहिली. भाऊ मध्येच म्हणाले, "या दोघी माझ्या केसेस आहेत. मी दिलंय ते औषध. लिहा तसं."

"तुम्ही आधी बसा," बाई म्हणाल्या.

"नको."

बाईंनी सगळं नीट समजावलं. ट्यूब सोडायचीच, पण ताईची एकदम नाही, त्या सांगतील तशी पायरी-पायरीने. काही महिने तोंड लाल होणार, आग होणार, मुरूम उसळणार. तेव्हा घाबरून परत ट्यूब लावली की सगळं मुसळ केरात. उन्हाचं क्रीम, साधा फेसवॉश दोनच वेळा, घासायचं नाही, फोडायचं नाही. आग शमली की मग मुरुमांचं खरं औषध, रात्री लावायचं जेल, गरज पडली तर गोळ्या, आणि त्यालाही दोन-तीन महिने धीर धरायचा. मग त्यांनी माझं खाणं विचारलं. भाऊंनी अभिमानाने सांगितलं, "तेल बंद आहे. शेवभाजी बंद. ग्लुकोजचं पाणी चालू."

"दिवसाला किती?"

"चार ग्लास."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तर्रीने मुरूम येतात याला फारसा आधार नाही. साखरेने मात्र काही जणांचे वाढतात. तुम्ही हिला काय पाजताय?"

भाऊंचं तोंड असं झालं की एवढ्या आगीतही मला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याशेजारी न बोलता शेवभाजीचा डबा ठेवलेला होता, आणि ग्लुकोजचे पुडे सगळ्यात खालच्या फळीवर गेले होते.

पण तिथे दवाखान्यात ताई हसली नाही. ती म्हणाली, "मॅडम, मला बंद करता येणार नाही. माझं लग्न या तोंडावर ठरलंय." सासरी कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, आमच्या सूनबाई तोंडाला पावडरसुद्धा लावत नाहीत, उपजतच तसं आहे. नवरा पाइपच्या कंपनीत, सकाळी गेला की संध्याकाळी. दिवसभर घरात सासू आणि ती. "चार महिने लाल तोंड घेऊन त्यांच्यासमोर कशी वावरू? मला रोज ऐकवतील. फसवलं म्हणतील. आणि फसवलंच आहे मी."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी."

"नाही!" ताई जवळजवळ ओरडली. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "यांना थांबव."

भाऊ तिला म्हणाले, "नको म्हणालीस तर नाही जात, पोरी. पण मग तू ती सोडणार नाहीस. सांग, सोडशील?"

ताई रडायला लागली. रिक्षावाला विचारत होता, कुठे जायचं. पत्ता मी सांगितला. मला अजून ठाऊक नाही, मी बरोबर केलं की बहिणीचा घात केला. ती पुढे दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

घरी गेलो तर पुढच्या खोलीत पापड चालले होते. सासूबाई आणि शेजारच्या चार बायका, पोळपाट-लाटणी, चटईभर उडदाचे पापड. मे महिना, पंखा बंद, कारण पापड उडतात. भाऊ उंबऱ्यातच उभे राहिले. मी मनात म्हटलं, या चौघींच्या देखत नको हो, भाऊ, आत बोला. पण या माणसाला दम कुठला!

"अक्का, मी देवपूरचा मेडिकलवाला. सहा वर्षांपूर्वी तुमच्या सुनेला मुरुमासाठी मी एक औषध दिलं. द्यायला नको होतं. तिला काय माहीत, ती सोळा-सतरा वर्षांची होती. त्याने तोंड वरून चांगलं दिसतं आणि आतून खराब होतं. आता ते सोडवायचंय. चार-सहा महिने तिचं तोंड लाल होईल, मुरूम येतील. सगळी, बठ्ठी चूक मनी शे, अक्का. पोरनी काही चूक नही."

लाटणी थांबली. सासूबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग शेजारणींकडे. शेजारणींकडे बघताना त्यांचा चेहरा पडला, ते मी पाहिलं. इतकी वर्षं मिरवलेलं होतं ना.

"म्हणजे आम्हाला फसवलं," त्या म्हणाल्या.

"मी फसवलं. हिने नाही." भाऊंनी खिशातलं पेन काढलं, पापडाच्या रिकाम्या पिशवीवर आपला नंबर लिहिला आणि त्यांच्यापुढे धरला. "हिच्या तोंडाबद्दल जे काही बोलायचं असेल, ते मला बोलायचं. रोज बोला. कितीही वेळ बोला. हिला नाही."

"मी सोडणार नाही हं तुम्हाला."

"सोडू नका."

आणि त्यांनी सोडलं नाही! बाई शब्दाची पक्की. सकाळी अकराला, ऐन गर्दीत, फोन यायचा. भाऊ कानाला फोन लावून शेल्फसमोर उभे, तोंडाने "हो अक्का, बरोबर आहे अक्का," आणि हाताने गिऱ्हाइकाला गोळ्या काढून देणं चालू. कधी चुकून स्पीकर चालू व्हायचा, मग अख्ख्या दुकानाला ऐकू जायचं. "माझ्या सुनेचं तोंड टमाट्यासारखं केलंत! पुतण्याच्या लग्नात लोक विचारत होते, कोणता रोग झालाय! मी काय सांगायचं?" भाऊ म्हणायचे, "माझं नाव सांगा."

मी तीन महिने तसंच लाल, फुटलेलं तोंड घेऊन काउंटरवर उभी राहिले. कोणी लाल टोपणाची ट्यूब मागितली की भाऊ माझ्याकडे बोट दाखवायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी काय दुकानाची पाटी आहे? पण दोन-चार पोरी खरंच न घेता परत गेल्या, हेही खरं. माझं तोंड पावसाळ्यात हळूहळू ताळ्यावर आलं. जेल, झोप, साखर कमी, धुतलेले स्कार्फ, यातलं काय उपयोगी पडलं, देव जाणे. ताईला सात महिने लागले. तिचं तोंड काही पूर्वीसारखं काचेचं झालं नाही. ऊन लागलं की अजून लाल होतं, दोन-तीन खड्डेही आहेत. पण ट्यूब नाही. आता माझं स्वतःचं मेडिकल आहे, भाऊ दुकान विकून मुलाकडे गेले. तिथेही बसत नसणार.

मला आठवतो तो श्रावणातला एक दिवस. फोन आला, त्याला चाळीस मिनिटं झाली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, एकटी मी धावतेय, आणि हे "हो अक्का, हो अक्का." स्पीकरवर भाऊंच्या आई-बापाचा उद्धार चाललेला. माझा पारा चढला. मी म्हटलं, "भाऊ, कट करा ना तो फोन! अडीच महिने झाले. किती ऐकून घ्याल? आता तर त्या काहीही बोलायला लागल्यात!"

भाऊंनी फोनवर तळहात ठेवला.

"अगं, ती जेवढा वेळ मला बोलते," ते हळूच म्हणाले, "तेवढा वेळ तुझ्या ताईला बोलत नाही."

आणि हात काढून म्हणाले, "हां अक्का, बोला. मी ऐकतोय."